पुणं सोडून मनालीला राहायला जायचं का? क्लायंबिंग-स्कीइंगवाल्यांनी सांगा

कातळवेडी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं हा विषय आमच्याकडे रात्री जेवताना निघतो आणि ताटं उचलेपर्यंत टिकतो, पुढे काहीच होत नाही, म्हणून आज इथे मांडतेय.

मी आणि नवरा दोघंही क्लायंबिंग करतो. मी अकरा वर्षं, तो माझ्याही आधीपासून. ड्यूक्स नोज, तैलबैला, लिंगाणा, वजीर, वानरलिंगी झालं, काही तर दोन-तीनदा झालं. २०१९ ला मी मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला आणि पुढच्या फेब्रुवारीत सोलंगला स्कीइंगचा, तेव्हापासून बर्फ काही डोक्यातून जात नाही. पण होतं काय की वर्षाला दहा दिवस सुट्टी, त्यातले तीन-चार प्रवासात, दोन हवा खराब म्हणून खोलीत, आणि हात-पाय जरा सुटायला लागले की परतीची बस.

दोघांचंही काम घरून चालतं, तीन महिन्यांतून एकदा ऑफिसात तोंड दाखवलं की झालं. मुलगी सात वर्षांची. सासूसासरे कोथरूडला, तब्येती सध्या ठीक. भाड्याच्या घराचा करार जूनमध्ये संपतोय. मी अडतीसची आहे, आणि खरं सांगायचं तर गुडघे-खांदे चांगले आहेत तोवर डोंगराच्या पायथ्याशी राहून बघायचंय, निवृत्तीनंतर तिथे जाऊन नुसतं बघत बसायला नाही.

तर जे तिथे राहतात, राहून आलेत, किंवा दुसऱ्या कुठल्या डोंगरगावी गेलेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. खरंच जास्त क्लायंबिंग होतं का? की घर चालवण्यातच जीव जातो?

सह्यवारा

जा! विचार करत बसलात तर चाळिशी इथेच कोथरूड डेपोच्या सिग्नलला लागेल.

भटका_मावळा

+१. आणि घरात एक जादा गादी ठेवा, आम्ही येतोय.

बियासकाठचा

मी मूळचा नाशिकचा, सहा वर्षं झाली इथे. आधी प्रिणीला होतो, आता जगतसुखच्या वरच्या अंगाला. माझं उत्तर हो असंच आहे, पण आधी पहिल्या जानेवारीतली एक सकाळ सांगतो मग ठरवा.

रात्री झोपताना सगळे नळ घट्ट बंद केले, लहानपणापासून तीच सवय. सकाळी उठलो तर थेंब नाही. बाहेर जाऊन बघतो तर स्वयंपाकघरामागचा काळा पाइप हातभर उभा चिरलेला आणि फटीतून बर्फाची पांढरी कांडी बाहेर आलेली, उसाच्या कांड्याएवढी जाड. शेजारचे काका आले, बघितलं, म्हणाले "नल थोड़ा खुला रखते हैं भाई, पानी चलता रहे तो जमता नहीं." तेव्हापासून डिसेंबर ते फेब्रुवारी रात्रभर एक नळ बारीक धारेने सुरू असतो आणि त्या आवाजाशिवाय मला आता झोप येत नाही. एवढं करूनही वर्षातून चार-पाच दिवस पाणी वरच्या झऱ्यावरून बादल्यांनी आणावं लागतंच.

तंदूर म्हणजे इथे रोटीचा नाही. पत्र्याची बंद शेगडी असते, तिचं धुराडं छतातून बाहेर, वर कायम पाण्याचं भांडं. सगळं घर तिच्याभोवती गोळा होतं. लाकूड क्विंटलवर घ्यायचं. आमचे दोघांचे हिवाळ्याला पंधरा-वीस क्विंटल जातात. जुन्या सफरचंदाचं लाकूड मिळालं तर सोनं, रात्री घातलेला ओंडका पहाटेपर्यंत धगधगतो.

घर बघताना सगळे डोंगर किती छान दिसतो ते बघतात, तुम्ही ऊन बघा. नदी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते, म्हणून ओल्ड मनालीच्या बाजूला सकाळचं ऊन आणि वशिष्ठ, अलेऊ, प्रिणी, जगतसुख या डाव्या काठाला दुपारचं. डिसेंबरात डोंगराआड सूर्य लवकर जातो, तेव्हा एका तासाच्या उन्हाचीसुद्धा किंमत कळते. लॅपटॉपवर बसून काम करणार असाल तर जास्तच, कारण बोटं गारठली की टायपिंग होत नाही.

क्लायंबिंगचं लिहितो थोड्या वेळाने, मीटिंग आहे.

नाना_प्रस्तर

आम्ही १९८३ साली त्याच संस्थेत कोर्स केला, तेव्हा नावही वेगळं होतं आणि मनालीत संध्याकाळी सातनंतर कुत्रं दिसायचं नाही. त्यामुळे प्रेम आहेच मला त्या जागेबद्दल. पण ताई, एक विचारतो, राग मानू नका. सह्याद्रीत काय कमी पडलं? कोकणकडा झाला का? शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी येता येतं अशा शे-दीडशे चढाया या मुलखात आहेत. आम्ही मेखा ठोकत, जाड नायलॉनचे दोर ओढत गेलो आणि पस्तीस वर्षं कमी पडलं नाही.

दुसरं म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे महत्त्वाचं. तुमची दहा-बारा वर्षांची टोळी पुण्यात आहे. ती ट्रकमध्ये घालून नेता येत नाही.

कातळवेडी

नाना, राग कसला, तुमच्यासारख्यांनी मारलेल्या बोल्टवरच तर आम्ही शिकलो. कोकणकडा अजून राहिलाय आणि तो मनात आहेच. पण बसॉल्टचं तुम्हीच जास्त जाणता, थर आडवे, वरचा थर कधी हातात येईल सांगता येत नाही, मध्येच घसारा आणि गवत. हाताची बोटं नीट फटीत रुतवून चढायची अशी सलग भेग आपल्याकडे शोधावी लागते. संस्थेच्या कोर्समध्ये पहिल्यांदा त्या दाणेदार कातळावर नुसत्या बुटाच्या घर्षणावर उभी राहिले आणि पाय घसरला नाही, तो क्षण मी विसरू शकत नाही. शिवाय मार्च ते सप्टेंबर आपल्याकडे आधी ऊन मग पाऊस, म्हणजे वर्षातले पाच महिने धरा फार तर.

टोळीचं मात्र अगदी खरं बोललात, ते मलाही खुपतंय.

पावडरवेडा

स्कीइंगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी. गेली सात वर्षं हिवाळ्यातला एक महिना डोंगरात काढतो, आधी सोलंग, आता बहुतेक गुलमर्ग.

मनालीला राहून "स्कीइंगचा अॅक्सेस" म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. सोलंगचा उतार शिकायला उत्तम, पण तो लहान आहे आणि बर्फ पडला रे पडला की तिथे ट्यूब, स्लेज, घोडे, फोटोवाले सगळे येतात. दिवसाला पंधरा-वीस वेळा वर जाऊन खाली यायचं असेल तर भारतात जागा एकच, गुलमर्ग. तिथली गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांत अफरवटच्या खांद्यावर साधारण ३९५० मीटरवर सोडते. औलीचा उतार सुंदर, पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचायला लागली तेव्हापासून तिथे बेत आखताना लोक दहादा विचार करतात.

मनालीचं स्कीइंग म्हणजे स्कीला खालून स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, चिकटवायच्या आणि चढायचं. चार तास चढा, वीस मिनिटं उतरा. हामटा, गुलाबा, पाटलसू या बाजूला. मला ते जास्त आवडतं हे खरं, पण ज्याने लिफ्टचं चित्र डोक्यात ठेवून घर बदललं तो फेब्रुवारीत परत जाईल.

आणि बर्फ आपल्या तारखा पाळत नाही. २०२४ चा जानेवारी आठवा, गुलमर्ग महिनाभर तपकिरी होतं, लोक गवतावर उभे राहून फोटो काढत होते आणि खरा बर्फ महिना संपताना पडला. हाच एक मोठा मुद्दा राहायला जाण्याच्या बाजूने आहे असं मी म्हणेन. दहा दिवसांची सुट्टी आधी ठरवून येणाऱ्याला अशा वर्षी काहीच मिळत नाही, जो तिथे राहतो तो वाट बघतो.

भटका_मावळा

हिमस्खलनाचं पण लिही रे, ते राहिलं.

पावडरवेडा

हो, ते तर पहिलं लिहायला हवं होतं. बाहेरच्या उतारावर जायचं तर प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र), सॅकमध्ये प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं, आणि ते वापरायचा सराव. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर आशा असते, त्यानंतर झपाट्याने कमी होते. म्हणजे मदत गावातून येणार नाही, ती तुमच्या बरोबरच्या माणसाकडूनच. नाना दोराच्या टोकाबद्दल म्हणाले ना, बर्फात दोर नसतो पण गोष्ट तीच. मी २०२१ ला हामट्याच्या बाजूला एका उतारावर अर्ध्यात असताना पायाखालून "वुंफ" असा आवाज ऐकला, सगळा थर एका झटक्यात बसल्यासारखा. काही झालं नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, एकेक करत आल्या वाटेने मागे फिरलो, खाली चहाच्या टपरीपर्यंत एक शब्द बोललो नाही.

सॉल्टलेककर

इकडचा अनुभव. आम्ही न्यू जर्सीत होतो, २०१७ ला याच कारणासाठी युटात सॉल्ट लेक सिटीला आलो. इथल्या मराठी मंडळींसाठी आधी सांगतो, एच-१बी व्हिसावर असाल तर "घरूनच काम करतो, कुठूनही करेन" असं होत नाही. दुसऱ्या महानगर क्षेत्रात राहायला जायचं तर कंपनीला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. आमच्या वेळी त्याच कागदांत पाच महिने गेले.

जागा म्हणाल तर स्वप्नच. घरापासून लिटल कॉटनवूड कॅन्यनचं तोंड पंचवीस मिनिटांवर, उन्हाळ्यात खालच्या भागात ग्रॅनाइट, हिवाळ्यात वर आल्टा आणि स्नोबर्ड ही स्कीइंगची ठिकाणं. पण ज्या दिवशी सगळ्यात चांगला बर्फ पडतो त्याच सकाळी हिमस्खलनाच्या कामासाठी रस्ता बंद असतो, आणि उघडला की गाड्यांची लाल दिव्यांची रांग डोंगरभर.

कातळवेडी, तुम्ही विचारलंत जास्त होतं का. पहिल्या हिवाळ्यात मी चाळीस दिवस स्की केलं. तिसऱ्या हिवाळ्यात चौदा. जवळ आलं की "उद्या जाऊ" सुरू होतं. न्यू जर्सीहून आठ दिवसांसाठी यायचो तेव्हा ताप असला तरी जायचो! शेवटी बायकोने आणि मी मंगळवार-गुरुवार सकाळ ठरवून टाकली, ऑफिसच्या कॅलेंडरवर तेवढा वेळ अडवला, मग गाडी रुळावर आली. बायको आता माझ्यापेक्षा चांगली स्की करते आणि आम्ही दोघं इथेच म्हातारे होणार हे नक्की.

इन्सब्रुकहून

मी इथे ऑस्ट्रियात पीएचडी करतोय, एकटा आहे त्यामुळे माझा सल्ला संसारवाल्यांना किती लागू पडेल माहीत नाही. शहराच्या मधूनच नॉर्डकेटेच्या डोंगररांगेवर जाता येतं, लॅबमधून निघून संध्याकाळी मार्टिन्सवांडच्या कड्यावर दोन रूट करून जेवायला घरी. सॉल्टलेककर म्हणतात तो "उद्या जाऊ" रोग इथेही आहे. मला औषध सापडलं ते क्लबचं, ठरलेल्या दिवशी चार लोक वाट बघत असतात म्हणून जावंच लागतं.

सातबारा

ज्यांच्या मनात पुढेमागे तिकडे जागा घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. हिमाचलच्या १९७२ च्या कुळकायद्याचं कलम ११८. तिथे शेतकरी नसलेल्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. दलाल सांगतात होतं सगळं, नाही होत.

बांधावरची

आमची बारामतीजवळ सहा एकर आहे, सातबारा सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या नावावर. मग आम्ही शेतकरीच ना? आम्हाला चालेल ना?

सातबारा

नाही चालत. त्या कायद्यातला शेतकरी म्हणजे हिमाचलमधली जमीन कसणारा. आपला सातबारा तिथे कामाचा नाही. आणि कुणा स्थानिकाच्या नावावर घेऊन पैसे आपण द्यायचे असं कोणी सुचवलं तर तिथूनच उठा. बेनामी ठरलं तर जमीनही जाते आणि पैसेही. भाड्याने राहा, सुखी राहा.

कुल्लूची_सून

मी माहेरची साताऱ्याची, लग्न होऊन चौदा वर्षं इथे. धागा वाचताना सारखा एक शब्द येतोय, अॅक्सेस. तुमचा उत्साह मला कळतो, मी स्वतः अजिंक्यताऱ्यावर पळत वाढलेली आहे. पण सासरच्या बाजूने दोन शब्द.

हे गाव आधी देवाचं आहे, मग आमचं, मग पाहुण्यांचं. हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत मकर संक्रांतीपासून बेचाळीस दिवस देव स्वर्गात गेलेले असतात, तेव्हा गावात टीव्ही-रेडिओ नाही, शेतात कुदळ मारायची नाही, मोठ्याने बोलायचंही नाही. नेमका हाच तुमचा स्कीइंगचा हंगाम. गाडीत गाणी लावून तिथून वर जाणारी पोरं बघितली की सासूबाई दार लावून घेतात, बोलत काहीच नाहीत.

तसंच खडकांचं. आपल्याला जो बोल्डर दिसतो तो कधी कधी जोगणीचं ठाण असतं. लाल कापड, थोडं तूप, नाणी दिसली तर चढू नका, आणि दिसली नाहीत तरी आधी विचारा. विचारलं की सांगतात, चहाही देतात.

राहायला या, खुशाल या. पण वर्षभर या. मे-जूनमध्ये येऊन दुप्पट भाडं देऊन जाणाऱ्यांमुळे इथल्या मास्तरणीला खोली मिळत नाही गावात. तुम्ही जानेवारीत शेजारच्या छपरावरचा बर्फ ओढायला उभ्या राहिलात की तुम्ही आमच्या.

बियासकाठचा

वहिनी, शेवटचं वाक्य अगदी खरं. आम्हाला गावजेवणाच्या धामला पंगतीत बोलावलं ते दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षी नाही.

आता क्लायंबिंग. खोऱ्यात एप्रिल अखेर ते जून आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर, बोल्डरिंगसाठी (दोराशिवाय धोंड्यांवर चढायला) सेथन गाव गाठायचं, चढण संपता संपता धौलाधार समोर येते. पावसाळ्यात इथे चिंब, पण रोहतांगपलीकडे लाहौलमध्ये पाऊस फार कमी. तेव्हा आम्ही छत्रूला जातो, चंद्रा नदीच्या काठाला ग्रॅनाइटचे घराएवढे धोंडे पसरलेले, साधारण ३३०० मीटर उंची, त्यामुळे पहिले दोन दिवस दोन मूव्हमध्ये धाप लागते. ऑक्टोबर २०२० ला अटल टनेल सुरू झाला, ९.०२ किलोमीटरचा, त्याने आमचं आयुष्यच बदललं. पूर्वी रोहतांग ओलांडण्यातच दिवस जायचा. आता सकाळी मनालीत पाऊस बघून निघायचं आणि बोगद्याच्या पलीकडे ऊन.

आकडा हवा असेल तर, नाशिकला असताना वर्षाला पंचवीसेक दिवस कातळावर व्हायचे. इथे गेल्या वर्षी सत्तर, त्यात बरेचसे कामाआधीचे दोन-दोन तास. म्हणजे होतं. पण सोबत मिळवायला मला दीड वर्ष लागलं. संस्थेतले माजी प्रशिक्षक, गावातली चार पोरं, एक केरळची मुलगी अशी हळूहळू टोळी झाली. तोवर एकटा बोल्डरवर पडत होतो, क्रॅशपॅड (पडल्यावर झेलणारी जाड गादी) एकच, त्यामुळे फार उंच जायचोच नाही.

परत_आलेली

मी दोन वर्षं नग्गरला राहून २०२२ मध्ये पुण्याला परत आले. लिहू की नको असं झालं होतं पण तुम्ही मोकळेपणाने म्हणालात.

मुलांच्या बाबतीत काळजी करू नका. माझा मुलगा तेव्हा सहाचा होता, त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं. शाळेला हिवाळी सुट्टी असते ती नेमकी बर्फाच्या काळात, पोरं फळकुटं बांधून बागेतल्या उतारावर घसरत असतात. हिंदी आणि पहाडी दोन्ही फाडफाड बोलायला लागला. मराठी मात्र घरात जाणूनबुजून बोलावी लागते.

आम्ही परत आलो ते बाबांमुळे. फेब्रुवारीतल्या एका रात्री अकराला भावाचा फोन, बाबांना अटॅक आलाय. बाहेर बर्फ पडत होता. भुंतरचं सकाळचं विमान रद्द, टॅक्सीने खाली उतरायला लागलो तर मंडीच्या पुढे दरड. चंदीगडला पोचलो तेव्हा तिथलं विमान गेलेलं, मग दिल्ली, मग पुणे. घरातून निघाल्यापासून हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत एकतीस तास. बाबा वाचले. पण त्या एकतीस तासांत मी जे काही डोक्यात केलं, ते पुन्हा करायची माझी तयारी नव्हती. भाऊ एकटा होता खाली.

तुमच्या सासूसासऱ्यांच्या जवळ कोण आहे हे आधी बघा. "तब्येती सध्या ठीक" यातला "सध्या" मला दिसला.

नाना_प्रस्तर

पोरी, लिहिलंस ते बरं केलंस. बाबा आता कसे आहेत?

परत_आलेली

छान आहेत नाना. रोज पर्वती चढतात, हळूहळू.

मुगाची_खिचडी

विषयांतर करते, माफी. तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का? आणि वरण शिजतं का म्हणे उंचीवर?

बियासकाठचा

पीठ कुरिअरने येतं नाशिकहून, पाच किलोची पिशवी, पण महिन्याने कडू व्हायला लागतं म्हणून आता ज्वारीच मागवतो आणि गावातल्या चक्कीवर दळतो. चक्कीवाला दर वेळी विचारतो ये कौन सा अनाज है. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, पाणी त्र्याण्णव-चौऱ्याण्णव डिग्रीलाच उकळतं, म्हणून उघड्या भांड्यात डाळ शिजवायचा नाद सोडायचा, कुकरला दोन शिट्ट्या जास्त. राजमा मात्र इथला खाल्लात तर पुण्यातला विसराल.

कुल्लूची_सून

आणि सिड्डू! कणीक आंबवून, आत अक्रोड-खसखशीचं सारण भरून वाफवायचं, वर साजूक तूप. मी पहिल्यांदा केले तेव्हा हात आपोआप मोदकासारख्या कळ्या काढायला लागला, सासूबाई बघतच राहिल्या. आता घरात गणपतीला मोदक आणि हिवाळ्यात कळीचे सिड्डू.

भटका_मावळा

माझी गादी पक्की करा, कुठल्याही घरी चालेल.

सह्यवारा

मी वर एका ओळीत जा म्हणालो होतो, आता एकतीस तासांचं वाचून जरा थांबलोय. पुराचं कोणी सांगेल का? २०२३ ला टीव्हीवर बघितलेलं अजून डोळ्यासमोर आहे.

बियासकाठचा

९ जुलै २०२३, रविवार होता. पावसाचा आवाज एव्हाना सवयीचा झालेला, पण त्या दिवशी नदीतून वेगळा आवाज येत होता, खोल, गडगड, जमिनीतून पायाला जाणवणारा. पाण्याखालून मोठे धोंडे घरंगळत असतात त्याचा. वीज गेली, मग मोबाइलची रेंज गेली. हायवे ठिकठिकाणी नदीत गेला होता. चार दिवस आईला फोन लागला नाही, ती तिकडे नाशिकला टीव्हीसमोर बसून. पाचव्या दिवशी एका ट्रकवाल्याकडे नंबर दिला, त्याने खाली रेंजमध्ये जाऊन फोन केला तिला.

आमच्या घराला काही झालं नाही कारण जुनं गाव वर आहे. म्हाताऱ्यांनी बांधलेली काठकुणी घरं, दगड आणि लाकडाचे थर असलेली, सगळी नदीपासून लांब, उंचावर आहेत. खाली पात्राला चिकटून जी नवी बांधकामं झाली त्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच. मी आलो तेव्हा एकाने मला असंच नदीकाठचं घर "रिव्हर व्ह्यू" म्हणून दाखवलं होतं, आगाऊ रक्कमही घेतली आणि परत द्यायला वर्षभर फिरवलं. त्या घराची मागची भिंत आता नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नदी पुन्हा तशीच आली. तेव्हा घर घेताना एवढंच विचारा, गावातल्या सगळ्यात जुन्या घरापेक्षा हे खाली आहे का.

कातळवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा काल रात्री आम्ही दोघांनी मोठ्याने वाचला, सासूबाईंना पण वाचून दाखवला. परत_आलेली, तुमची पोस्ट वाचताना माझा आवाज गेला, नवऱ्याने पुढे वाचली.

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, तुझी नणंद बावधनला आहे, तिला विचारलंस का? आम्ही दोन वर्षं सगळा हिशोब केला, तिला विचारलंच नव्हतं. आज सकाळी जाऊन बोललो. ती म्हणाली एक वर्ष मी बघते, पण वर्षाने बसून पुन्हा बोलायचं, गृहीत नाही धरायचं. तर तसं ठरतंय. सामान सगळं न्यायचं नाही, इथलं घर छोटं करून ठेवायचं, सप्टेंबरमध्ये तिकडे जायचं आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत पूर्ण चार ऋतू राहायचं. मधे दिवाळीत आणि एप्रिलमध्ये पुण्याला. मुलीची शाळा बघायला मी मेमध्ये एकटी जाऊन येतेय.

पावडरवेडा, बीकनचा सराव आधीच करायचा ठरवलंय, दोघांनीही. नाना, जायच्या आधी फेब्रुवारीत कोकणकडा करायचाय. दोराच्या दुसऱ्या टोकाला जुनी टोळीच असेल, तुम्ही पायथ्याशी बेलपाड्याला याल का?

नाना_प्रस्तर

पायथ्याशी का म्हणून? कड्याच्या माथ्यावर तंबू टाकून बसतो, तुम्ही वर या. चहा तयार ठेवतो.

कुल्लूची_सून

मेमध्ये याल तेव्हा हॉटेल करू नका, सरळ घरी या. शाळेतल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत.

बियासकाठचा

अलेऊला वरच्या अंगाला एक घर रिकामं होतंय, दुपारी दोन ते चार ऊन, जुन्या घरांच्या ओळीतच आहे. मालकाशी बोलून ठेवतो. आणि येताना दोन क्रॅशपॅड आणा, म्हणजे माझा धरून तीन होतील. लाकूड मात्र आल्या आल्या सप्टेंबरातच भरायचं, डिसेंबरात मिळतं ते ओलं असतं, नुसता धूर करतं.